वंशावळीतले गुपित : सापडल्यानंतर आणि सांगण्यापूर्वी

घराण्याचा इतिहास शोधायला बसणारा माणूस सहसा गुपिते उकरायला बसलेला नसतो. त्याला पणजोबांचे पूर्ण नाव हवे असते, आजीच्या माहेरच्या माणसांचा मेळ लावायचा असतो, जुन्या छायाचित्रातला एखादा अनोळखी चेहरा कोणाचा हे जाणून घ्यायचे असते. आणि मग एका नोंदवहीत वडिलांच्या नावाचा रकाना कोरा दिसतो. किंवा आईवडिलांच्या लग्नाची तारीख थोरल्या मुलाच्या जन्मानंतरची निघते. किंवा सर्वांत धाकट्या मुलीच्या जन्माच्या वेळी आईचे वय ५२ आणि थोरल्या बहिणीचे १७ होते, असे हिशेब मांडल्यावर लक्षात येते. कोणी काही बोललेले नसते. दोन तारखा शेजारी ठेवल्या की त्याच बोलू लागतात.

असे काही हाती लागल्यावर ते खरे आहे की नाही हे कसे ताडून पाहावे, ते नेमके कोणाचे आहे, आणि ते कोणाला, कधी व कोणत्या शब्दांत सांगावे, हा या लेखाचा विषय आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी म्हण आहे. पण हा सल्ला आज पाळायचा म्हटले तरी पाळता येईलच असे नाही, कारण ज्याने कधी शोध घेतला नाही त्याच्याही दारात उत्तर येऊन उभे राहू शकते. दूरच्या चुलत बहिणीने हौसेने करून घेतलेली एक डीएनए चाचणी त्यासाठी पुरते.

कागदाची मुदत आणि चाचणीची घाई

कागदावरच्या गुपितांना पूर्वी एक मुदत असे. अमेरिकेत जनगणनेचे वैयक्तिक तपशील ७२ वर्षे बंद ठेवले जातात, म्हणून १९५० च्या जनगणनेची पाने १ एप्रिल २०२२ रोजी सर्वांसाठी खुली झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मुदत १०० वर्षांची आहे आणि १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये पाहायला मिळाली. या मुदतीमागचा विचार साधा आहे. नोंदीत ज्यांची नावे आहेत त्यांचे बहुतेक आयुष्य संपलेले असावे, आणि मगच परक्या नजरा त्या पानावर पडाव्यात. तेथील १९११ च्या जनगणनेत प्रत्येक विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती गेली, असे विचारले होते. ‘जन्मली सात, हयात चार’ हे शब्द वाचणाऱ्या पणतीला त्या तीन मुलांविषयी घरात कधीच कोणी सांगितलेले नसते. तिला दुःख होते, पण ज्या आईने ते आकडे सांगितले तिला आता कोणी जाब विचारू शकत नाही. काळाने मध्ये अंतर ठेवलेले असते.

दत्तक आणि दात्याच्या साहाय्याने झालेल्या जन्मांच्या बाबतीतही कायद्याने दारे हळूहळू आणि विचारपूर्वक उघडली. स्कॉटलंडमध्ये १९३० च्या कायद्यापासून सज्ञान दत्तक व्यक्तीला आपली मूळ जन्मनोंद पाहता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा हक्क मिळायला १९७५ चा कायदा व्हावा लागला. शुक्राणू देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची पद्धत स्वीडनने १९८५ पासून थांबवली. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून असे ठरवले की त्यापुढच्या दात्यांची ओळख मुलांना वयाच्या अठराव्या वर्षी मिळू शकेल, आणि त्यानुसार पहिली मुले २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली.

डीएनए चाचणी या सगळ्या मुदती ओलांडून जाते. चाचणीचा निकाल काही आठवड्यांत येतो, आणि त्यात ज्यांचे गुपित उघडते ती माणसे हयात असतात. कित्येकदा शेजारच्या खोलीत बसलेली असतात. ज्या दात्याला कधीकाळी गुप्ततेचे वचन दिले होते, त्याने स्वतः चाचणी न करताही तो सापडतो, कारण त्याच्या एखाद्या चुलत भावंडाने केलेली असते. माझ्या मते या विषयातली सगळी अडचण येथे आहे. जो थांबा पूर्वी कायदा आणि काळ मिळून घालून देत असत, तो आता शोधणाऱ्या माणसाने स्वतः ठरवून पाळायचा आहे, आणि तो कसा पाळायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रत्येक अपत्याला निम्मे डीएनए आईकडून आणि निम्मे वडिलांकडून मिळते. पुढच्या पिढीला देताना ते पत्ते पिसावेत तसे पिसले जाते, म्हणून नाते जितके लांबचे तितके दोन माणसांमधले सारखे तुकडे कमी आणि लहान होत जातात. या सारख्या तुकड्यांची एकूण लांबी सेंटिमॉर्गन या एककात सांगतात. पालक आणि अपत्य यांच्यात ती सुमारे ३,५०० भरते, सख्ख्या भावंडांत सरासरी २,६०० च्या आसपास, सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत ८७० च्या आसपास, आणि ज्यांचे पणजोबा-पणजी एकच आहेत अशांमध्ये सुमारे २३०. या सरासऱ्या आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा बराच वरखाली होतो.

गोंधळ बहुधा १,७५० च्या आसपास होतो. एवढा वाटा एकच पालक सामायिक असलेल्या सावत्र भावंडांत असतो, आजोबा आणि नातवात असतो, आणि सख्खे काका, मामा, आत्या किंवा मावशी व त्यांच्या पुतण्या-भाच्यांतही असतो. पडद्यावर ‘जवळचे नातेवाईक’ एवढेच लिहून येते आणि वाचणारा त्या क्षणी वडिलांचे दुसरे कुटुंब कल्पून मोकळा होतो. वय, जन्मस्थळ आणि आणखी एकदोन नातेवाइकांचे निकाल पाहिल्याशिवाय या तीन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. सख्ख्या भावंडांची मात्र एक खूण आहे : त्यांच्या डीएनएच्या जवळपास पाव भागात आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती जुळतात, आणि सावत्र भावंडांत तसे होत नाही.

आणखी एक सापळा सांगतो, कारण त्यात शहाणी माणसेही अडकतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचे डीएनए जवळजवळ तंतोतंत सारखे असते, त्यामुळे त्यांची मुले नात्याने चुलत भावंडे असली तरी चाचणीत सावत्र भावंडांसारखी दिसतात. वडिलांना जुळा भाऊ होता हे ज्या मुलाला ठाऊक नाही, तो या आकड्यावरून भलतीच कहाणी रचू शकतो. याच्या उलट, ज्यांचे फक्त खापरपणजोबा-खापरपणजी एकच आहेत अशा दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत चाचणीला दिसेल एवढे सामायिक डीएनए उरलेलेच नसते. म्हणून इतक्या लांबच्या नात्यात ‘जुळले नाही’ याचा अर्थ ‘नाते खोटे’ असा होत नाही. पणजोबा-पणजी एकच असूनही काहीच जुळले नाही, तर मात्र ती गोष्ट गंभीरपणे घ्यावी लागते. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने झाली आहेत, तेथे सगळेच आकडे फुगलेले असतात. आणि अमुक टक्के पूर्वज अमुक प्रदेशातले, असे जे रंगीत नकाशे निकालासोबत येतात, ते कोणाच्याही जन्माविषयी पुरावा म्हणून वापरू नयेत.

कागदाची साक्ष, रक्ताची साक्ष आणि तोंडची साक्ष या तिन्हींचा मेळ कसा घालावा लागतो, हे थॉमस जेफरसन यांच्या प्रकरणात चांगले दिसते. अमेरिकेच्या या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांपासून त्यांच्या घरी गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांना मुले झाली, ही सॅली यांच्या वंशजांची परंपरागत माहिती होती. सॅली यांचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये ती वर्तमानपत्रात सांगितलीही होती. अनेक इतिहासकारांनी ती दीर्घकाळ मानली नाही. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वाय गुणसूत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते. जेफरसन यांच्या चुलत्याच्या वंशजांचे वाय गुणसूत्र सॅली यांचे धाकटे पुत्र एस्टन यांच्या वंशजाशी जुळले. परंतु एवढ्याने बाप कोण हे सिद्ध होत नव्हते, कारण त्या घराण्यातल्या कोणत्याही पुरुषाचे वाय गुणसूत्र तेच असणार. मुले जन्मण्याच्या सुमारे नऊ महिने आधी जेफरसन स्वतः मॉन्टिसेलो या आपल्या घरी होते हे कागदांवरून दिसत होते. ते, वंशजांची साक्ष आणि डीएनए असे सगळे एकत्र ठेवून मॉन्टिसेलोचा कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठानाने २००० मध्ये निष्कर्ष काढला की त्या मुलांचे वडील बहुधा जेफरसनच होते. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका कुटुंबाची, वुडसन यांची, जेफरसन यांच्यापासूनच्या वंशाची तितकीच जुनी परंपरा मात्र जुळली नाही. घरात चालत आलेल्या कहाणीला आधीच खोटी मानू नये आणि आधीच खरीही मानू नये, एवढे यातून घेता येते.

अमेरिकेतले वंशावळ-तज्ज्ञ निष्कर्षासाठी जी कसोटी लावतात ती सामान्य वाचकालाही लावता येईल. मिळण्यासारखे सगळे पुरावे शोधले का, प्रत्येक माहिती कोठून आली हे लिहून ठेवले का, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले का, जे परस्परविरुद्ध आहे त्याचा उलगडा झाला का, आणि या सगळ्यावरचा निष्कर्ष सुसंगतपणे लिहून काढता येतो का? शेवटचा प्रश्न मला विशेष उपयोगी वाटतो. जे निष्कर्ष मनात पक्के वाटतात त्यांतले कितीतरी कागदावर उतरवताना डळमळतात.

दर दहा मुलांमागे एकाचा बाप वेगळा असतो, असे एक वाक्य सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. पश्चिम युरोपातल्या गेल्या पाच शतकांतल्या वंशावळी आणि वाय गुणसूत्र यांची तुलना करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियन अभ्यासात हे प्रमाण दर पिढीला सरासरी १ ते २ टक्के आढळले. एकोणिसाव्या शतकातल्या दाट वस्तीच्या शहरांतल्या गरीब वर्गात ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत गेले होते. अर्थात लहान आकडाही पिढ्यांमागून पिढ्या साचतो : दर पिढीला १ टक्का धरला, तरी दहा पिढ्यांच्या एकाच पुरुषपरंपरेत कोठेतरी खंड पडला असण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांहून अधिक होते. लांबलचक वंशावळ हाती असणाऱ्याने त्यात एखादा असा सांधा असेल हे गृहीत धरूनच चालावे.

सुचलेली पहिली कहाणी

न जुळणारा निकाल पाहिल्यावर मनात प्रथम येते ती आईच्या परक्या संबंधाची गोष्ट. ही घाई फार अन्यायाची आहे. मूल दत्तक घेतलेले असू शकते. विधवेच्या लेकराने दुसऱ्या बापाचे नाव लावलेले असू शकते. बहिणीचे मूल आपले म्हणून वाढवलेले असू शकते. उपचारांत दात्याची मदत घेतलेली असू शकते आणि तेव्हा डॉक्टरांनीच कोणाला न सांगण्याचा सल्ला दिलेला असू शकतो. प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल झालेली असू शकते. आणि त्या स्त्रीवर बलात्कार झालेला असू शकतो. जी आई पन्नास वर्षे एका प्रश्नावर गप्प राहिली, ती काय गिळून गप्प राहिली हे आकड्यांवरून कळत नाही. म्हणून तिच्यासमोर निकालाचा कागद टाकून ‘हे काय आहे?’ असे विचारणे मला क्रूरपणाचे वाटते, विचारणाऱ्याचे दुःख कितीही खरे असले तरी.

ज्याला आपण गुपित म्हणतो ते कोणाचे गुपित असेलच असेही नाही. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना २०१६ मध्ये डीएनए चाचणीतून कळले की ज्यांना ते जन्मभर वडील मानत आले ते त्यांचे जन्मदाते नव्हते. जन्मदाते होते विन्स्टन चर्चिल यांचे खासगी सचिव अँथनी माँटेग्यू ब्राउन. त्यांच्या आईने निवेदन काढून सांगितले की ही गोष्ट तिलाही धक्का देणारी होती. आईने आणि मुलाने आपापल्या शब्दांत, पण एकमेकांना सांभाळून, हे जाहीर केले. या माहितीने आपण कोण आहोत यात काही बदल होत नाही, अशी वेल्बी यांची भूमिका होती. प्रत्येकाला असे म्हणणे साधेल असे नाही आणि साधलेच पाहिजे असेही नाही. पण आई आरोपी आणि मूल फिर्यादी, अशी मांडणी टाळता येते हे त्यातून दिसते.

काही मौने घराने पाळलेली नसतात, संस्थांनी लादलेली असतात. ब्रिटनमधून मुलांना एकट्याने कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत पाठवण्याची योजना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. त्यांतल्या अनेकांना आईवडील वारले असे सांगण्यात आले होते आणि ते खोटे होते. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१० मध्ये त्याबद्दल माफी मागितली. अविवाहित मातांकडून दडपणाने मुले दत्तक देववली गेली, याबद्दल ऑस्ट्रेलियाने २१ मार्च २०१३ रोजी राष्ट्रीय माफी मागितली. अशा इतिहासात दडलेले उघड करणे हा न्यायाचा भाग असतो. तरीही एखादी आई आता हयात असेल, तर योजनेविषयी बोलणे आणि तिचे नाव घेऊन बोलणे यांतले अंतर राखावेच लागते.

कोणाला आधी सांगावे

गुपित कोणाचे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : ज्याच्या जन्माविषयी ते आहे त्याचा त्यावरचा हक्क सर्वांत मोठा, ज्यांनी ते सोसले त्यांचा त्याखालोखाल, आणि ज्याने ते शोधले त्याचा सर्वांत कमी. शोधणाऱ्याने कष्ट घेतले, पैसे घातले, रात्री जागवल्या, हे सगळे मान्य करूनही.

समजा, तुमच्या चुलत बहिणीने चाचणी केली आणि तिचा व तुमचा काही मेळ बसत नाही हे आधी तुमच्या लक्षात आले. तिला अजून कळलेले नाही. येथे तिन्ही बाजूंनी चूक होऊ शकते : लगेच सांगून टाकणे, कायमचे दडपणे आणि तिसऱ्याच माणसाशी चर्चा करणे. मला योग्य वाटणारा मार्ग असा की आधी पुरावा पुन्हा तपासावा. मग तिचे आईवडील हयात असतील तर त्यांच्याशी एकांतात बोलावे आणि हे तिला आज ना उद्या कळणारच आहे, ते तुमच्या तोंडून कळावे, असे त्यांना सांगावे. त्यांना वेळ द्यावा. पण त्यांच्या हाती कायमचा नकाराधिकार देऊ नये. तिने स्वतःहून थेट विचारले, तर खोटे बोलू नये. ‘मला काही विसंगती दिसते आहे, तुला जाणून घ्यायचे आहे का?’ एवढे विचारून निर्णय तिच्यावर सोडावा. काही माणसांना जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचा हक्कच आहे.

आजाराची बाब आली की हा थांबा आखूड करावा लागतो. हंटिंग्टनसारखा मेंदूचा आनुवंशिक आजार पालकाला असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे जनुकदोषही याच रीतीने पुढच्या पिढीत उतरतात. चुकीच्या वडिलांचा आजारांचा इतिहास डॉक्टरांना सांगत राहणारी व्यक्ती चुकीच्या भीतीत किंवा चुकीच्या निश्चिंततेत जगत असते. बऱ्याचदा अशी माहिती नावे न घेताही पोहोचवता येते, आणि तसे करावे.

आयर्लंडच्या २०२२ च्या कायद्यातला एक बारकावा मला प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखा वाटतो. ऑक्टोबर २०२२ पासून तेथे १६ वर्षांवरील दत्तक व्यक्तीला आपल्या जन्माची संपूर्ण माहिती मागता येते. जन्मदात्या आईने ‘मला संपर्क नको’ असे नोंदवले असले तरी माहिती नाकारली जात नाही. मात्र त्या वेळी अर्जदाराशी आधी दूरध्वनीवर बोलून आईची ही इच्छा त्याला समजावून सांगितली जाते. म्हणजे आपण कोण हे कळण्याचा हक्क आणि दुसऱ्याने आपल्याला भेटावे ही अपेक्षा, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या. घरातली बहुतेक भांडणे या दोन्ही एकच समजल्यामुळे होतात. मुलाला उत्तर मिळाले पाहिजे. आईने दार उघडले पाहिजे असे नाही.

पहिले पत्र

अनोळखी नातेवाइकाला पहिल्यांदा लिहिताना थोडके लिहावे. आपण कोण, कोणत्या चाचणीत किंवा नोंदीत नाव आढळले, आपल्यात जवळचे नाते दिसते आणि त्याविषयी बोलायला आवडेल, एवढे पुरे. ‘तुम्ही माझे वडील आहात’ असे पहिल्या ओळीत लिहू नये. एक तर ते अजून सिद्ध झालेले नसते. आणि ते पत्र त्यांच्या आधी त्यांची पत्नी किंवा मुलगी उघडू शकते, हे लक्षात ठेवून प्रत्येक शब्द निवडावा. पत्राला मुदत घालू नये, पैशांचा किंवा वारशाचा विषय काढू नये, आणि उत्तर आले नाही तर त्यांच्या मुलांना, शेजाऱ्यांना किंवा कार्यालयात गाठू नये. काही महिन्यांनी एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही. त्यानंतरचे मौन हे आजचे उत्तर समजावे. आपला पत्ता त्यांच्याकडे आहे.

आपल्या माणसाला सांगायचे असेल तर समोरासमोर, एकट्याला, आणि ज्या दिवशी त्याच्यावर दुसरे ओझे नाही अशा दिवशी सांगावे. लग्नकार्य, आजारपण, अंत्यविधी यांच्या आसपास नको, आणि कुटुंबाच्या सामूहिक संदेशगटावर तर कधीच नको. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून आणि जो अंदाज आहे तो अंदाज म्हणूनच सांगावा. ऐकणारा रागावतो, रडतो किंवा ‘मला माहीत होते’ म्हणून शांत बसतो. त्याच बैठकीत सगळे उलगडण्याचा आग्रह धरू नये. पुराव्याचे कागद सोबत ठेवावेत, पण त्याने मागितल्याशिवाय पुढे करू नयेत. या सगळ्यापेक्षा सोपा उपाय चाचणीच्या आधीचा आहे. ज्या नातेवाइकाला आपण चाचणी करायला सांगतो, त्याला अनपेक्षित काही निघाले तर सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कोणाला, हे आधीच विचारून लिहून ठेवावे. हे क्वचितच कोणी करते.

लिहून ठेवणे आणि प्रसिद्ध करणे

सापडलेले लिहून मात्र ठेवावे. न लिहिलेले सत्य पुढच्या पिढीत अफवा होते. पण खासगी टिपणात लिहिणे आणि सर्वांना दिसणाऱ्या वंशवृक्षात घालणे, ही दोन वेगळी कामे आहेत. जाहीर केलेली माहिती इतर लोक आपापल्या वंशवृक्षांत उतरवून घेतात आणि मग ती मागे घेता येत नाही. आपली माहिती आपल्यापुरती राहत नाही याचे उदाहरण २०२३ मध्ये दिसले : ट्वेंटीथ्री-अँड-मी या चाचणी कंपनीतली सुमारे १४,००० खाती चोरट्यांनी उघडली, आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती पडली. युरोपातला माहिती-संरक्षणाचा सामाईक कायदा मृतांना लागू होत नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी काय प्रसिद्ध करावे याचे उत्तर बरेचसे विवेकावरच सोपवलेले आहे. त्या माणसाची मुले हयात असेपर्यंत तो पूर्णपणे मृत समजू नये, असा नियम मी तरी धरतो.

टिपणात वाढवणारे आणि जन्म देणारे अशा दोन्ही ओळी असाव्यात. ज्याने बोट धरून चालायला शिकवले त्याचे नाव खोडून तेथे दुसरे नाव घालणे ही सत्याची दुरुस्ती नव्हे. ते दुसरे असत्य होते. ‘अनौरस’, ‘पळून गेलेली’, ‘वेडा’ असे जुन्या नोंदीतले शब्द उतरवताना ते त्या नोंदीचे शब्द आहेत हे स्पष्ट करावे. प्रत्येक विधानापुढे पुरावा, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालावे. जे आज प्रसिद्ध करता येत नाही ते बंद पाकिटात, कोणी आणि कोणाच्या मृत्यूनंतर उघडावे हे बाहेर लिहून, विश्वासाच्या माणसाकडे ठेवता येते. जनगणनेच्या मुदतीसारखीच ही घरगुती मुदत.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याचा सांगाडा २०१२ मध्ये सापडला. मातृपरंपरेने जाणारे मायटोकाँड्रियल डीएनए हयात नातेवाइकांशी जुळले आणि ओळख पक्की झाली. पुरुषपरंपरेची तुलना कागदोपत्री राजाच्याच पुरुषवंशातल्या एका सरदाराच्या, ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या, पाच हयात वंशजांशी केली, तेव्हा राजाचे वाय गुणसूत्र त्यांपैकी कोणाशीच जुळले नाही. म्हणजे मधल्या शतकांत कोठेतरी कागदावरचा बाप आणि जन्मदाता वेगळे होते. त्याहून नाजूक गोष्ट अशी की त्या पाचांपैकी चौघे एकमेकांशी जुळले आणि एक जुळला नाही. त्याच्या शाखेतला खंड गेल्या चार पिढ्यांतलाच असणार होता. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातल्या खंडाविषयी त्यात मोकळेपणाने चर्चा आहे. त्या पाच हयात पुरुषांना मात्र नावे दिलेली नाहीत; सॉमरसेट हे घराण्याचे नाव आणि पुढे १ ते ५ हे क्रमांक, एवढ्यावरच त्यांचा उल्लेख थांबतो.